बगळ्याचे नव्वद लिटर

मी एक जुना पॅडलबोर्ड आहे आणि मला इस्त्रीचं टेबल म्हणून नुकतंच कायम करण्यात आलं आहे.

मित्रांनो, वरचं वाक्य तुम्ही वाचलंच नाही असं समजा. ते चुकून पडलं. असं काही घडलेलं नाही. मी आठ फूट दोन इंच लांबीचा, खास लाटांसाठी जन्मलेला बोर्ड आहे. माझ्या पोटावर घोंगडी वगैरे काही अंथरलेली नाही, आणि तुम्हाला जो करपट वास येतोय तो शेजारून येत असणार. आपण रीतसर जन्मापासून सुरुवात करू.

आधी आमच्या घराण्याची ओळख करून देतो. साधा सर्फबोर्ड तुम्हाला माहीत असेल. त्याच्यावर पालथं निजायचं, हातांनी पाणी मागे सारायचं आणि लाट आली की टुणकन उडी मारून उभं राहायचं. आमच्यात उडी नाही. आमच्यावर माणूस पहिल्यापासून उभाच असतो, हातात एक लांब वल्हं घेऊन. त्यामुळे सर्फबोर्ड आम्हाला हसतात. म्हणतात, हे सर्फिंग कसलं, हे तर अंगण झाडणं झालं. आम्ही मनावर घेत नाही. म्हणजे घेतो, पण आम्हाला तोंड नाही.

माझा जन्म समुद्रापासून दोन गल्ल्या आत, एका पत्र्याच्या शेडमध्ये झाला. पुढे दुकान आणि मागे कारखाना असं ते होतं. मी आधी पांढऱ्या फोमचा एक ठोकळा होतो, फ्रीजच्या खोक्यात असतो तसल्याच फोमचा. कारागिराने तोंडाला फडकं बांधून मला आठ दिवस तासलं. तो तासायचा, मागे सरकून एक डोळा मिटून बघायचा, पुन्हा तासायचा. त्याच्या भुवयांवर माझा इतका भुसा बसायचा की दिवसभरात तो तिशीचा सत्तरीचा व्हायचा आणि तोंड धुतलं की पुन्हा तिशीचा. मग त्याने माझ्यावर काचेचं कापड चढवलं. त्याआधी माझ्या पोटावर पेन्सिलीने लिहिलं: आठ फूट दोन इंच, रुंदी एकोणतीस इंच, नव्वद लिटर. त्यावर राळ ओतली. ती राळ कडक झाली आणि माझा जन्मदाखला कायमचा आत राहिला. खोडता येत नाही, झाकताही येत नाही. माझ्या आयुष्यात खोटं बोलण्याची सोयच ठेवलेली नाही.

लिटर म्हणजे मी पितो ते नव्हे. लिटर म्हणजे मी किती माणूस पेलतो त्याचं माप. जेवढे लिटर जास्त, तेवढा बोर्ड तरंगता आणि तेवढाच वळायला जड. मी कमी लिटरचा होतो. हलका, अरुंद, पातळ कडांचा, लाटेवर झटकन वळणारा. कारागीर मला दुकानात मांडताना म्हणाला होता, “याला गिऱ्हाईक मिळायला वेळ लागेल. पण मिळेल तो मोठा खेळाडू असेल.” मला ते ऐकून फार बरं वाटलं होतं. लहानपणी कौतुक झालं की असं होतं.

माझ्या शेजारी एकशे तीस लिटरचा एक बोर्ड उभा होता. जाड, रुंद, गोल नाकाचा. आम्ही त्याला ढोल्या म्हणायचो. तो काही म्हणायचा नाही.

मग एके दिवशी सकाळी बगळा दुकानात आला.

बगळा म्हणजे माणूस. तरुणपणी तो काडीसारखा होता आणि लाटेवर एक पाय उचलून उभा राहायचा, म्हणून किनाऱ्यावर त्याला हे नाव पडलं. अठ्ठावीस वर्षं तो सर्फिंग करत होता. पोटासाठी तो वजनकाटे दुरुस्त करायचा. गावातल्या भाजीवाल्यापासून सोनारापर्यंत सगळ्यांचे काटे त्याच्या हाताखालून जात. त्याने काट्याला शिक्का मारला की कुणी पुन्हा तपासत नसे. नाव बगळाच राहिलं, पण माणूस आता बगळा राहिला नव्हता. आता तो, कसं सांगू, बगळ्यांचा थवा झाला होता.

त्याच्याबरोबर त्याची मुलगी होती. ऑफिसातून अर्धी रजा काढून गाडी चालवत घेऊन आली होती, कारण बगळ्याचा उजवा गुडघा गेला होता. दोनच दिवसांपूर्वी डॉक्टरांनी सांगितलं होतं, “निजून टुणकन उठणं बंद. या गुडघ्यावर अजून एक उडी मारलीत तर तिसऱ्या दिवशी मला भेटाल. समुद्र बघायला जा, पण बाकावर बसून.” मुलीने विचारलं, उभ्याने वल्हवायचा बोर्ड चालेल का? डॉक्टर म्हणाले, तेवढं बघा, पण तेवढंच.

म्हणजे गोष्ट सरळ होती. पॅडलबोर्ड जमला तर समुद्र, नाही तर बाक. बगळा जे निवडायला आला होता ते हेच होतं.

आणि मित्रांनो, त्याला निवडता येत होतं हो! मी किती गिऱ्हाइकं पाहिली. लोक रंग बघतात. बगळ्याने रंग पाहिलाच नाही. त्याने माझ्या कडेवरून अंगठा फिरवला. मला जमिनीला समांतर धरून, एक डोळा मिटून, शेपटीपासून नाकापर्यंत माझी कमान पाहिली. शेपटीखाली वळण्यासाठी तीन पंख लावून दिले आहेत, चारही लावता येतात हे त्याने न विचारता ओळखलं. मी दोन वर्षं त्या दुकानात उभा होतो. मला कुणी असं वाचलं नव्हतं.

“नवशिके की अनुभवी?” कारागिराने सवयीने विचारलं आणि लगेच जीभ चावली.

“अठ्ठावीस वर्षं,” बगळा म्हणाला. “तू शाळेत डबा सांडत होतास तेव्हापासून.”

“तसं नाही दादा, विचारावं लागतं. नवशिक्याला लिटर जास्त देतो, अनुभवी माणसाला कमी.”

“मग मला कमीत कमी दे.”

“पण दादा, तुमचा अनुभव सर्फबोर्डचा. त्याच्यावर लाटेची वाट बघताना माणूस बसतो. छातीपर्यंत पाण्यात गेला तरी बिघडत नाही. इथे वाट बघायची ती उभ्याने. बोर्ड तरंगलाच पाहिजे. एकदा ह्याच्यावर उभं राहून बघता का?” त्याने ढोल्याला पुढे ओढलं.

बगळ्याने ढोल्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. “याला दोन बिजागऱ्या लाव आणि घराला बसव. चोर येणार नाहीत.”

कारागीर हसला. ढोल्या काही म्हणाला नाही.

“बरं, मग हिशेबाने जाऊ,” कारागीर म्हणाला. “आपलं जेवढं वजन, त्यावर पंधरा-सोळा लिटर. अनुभवी हाताला तेवढं पुरतं. वजन किती तुमचं?”

“चौऱ्याहत्तर,” बगळा म्हणाला.

आता दुसऱ्या कुणी हे सांगितलं असतं तर कारागिराने त्याच्या पोटाकडे एकदा तरी पाहिलं असतं. पण हे बगळ्याने सांगितलं होतं. सगळ्या गावाला ग्रॅम-ग्रॅमचा हिशेब देणारा माणूस स्वतःचं वजन चुकीचं सांगेल, हे कुणाच्या डोक्यात येणार? कारागिराने माझ्या पोटावरचा आकडा वाचला. “चौऱ्याहत्तर आणि सोळा, नव्वद. दादा, हा तुमचाच.”

मुलीला खरा आकडा माहीत होता. डॉक्टरांच्या काट्यावर सत्त्याण्णव आले होते आणि तो कागद तिच्याच पर्समध्ये होता. तिने तोंड उघडलं. बगळ्याने तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत दम नव्हता. दम असता तर ती बोललीच असती, तेवढी ती घरात बोलायची. त्या नजरेत विनंती होती. कधीच काही न मागणारा बाप काहीतरी मागत होता.

“बाबा,” ती म्हणाली, “हे मेण वासाचं आहे का बिनवासाचं?”

आणि तिने गल्ल्याजवळची, बोर्डावर घासायच्या मेणाची वडी नाकाला लावली.

बगळ्याने मला काखेत घेतलं. काखेत घेतल्यावर बोर्डाचं वजन माणसाला कळतं, माणसाचं बोर्डाला कळत नाही. मला वाटलं, चौऱ्याहत्तर किलोंचा मोठा खेळाडू आपल्याला घेऊन चालला आहे. मी आनंदाने इतका ताठ झालो की दाराच्या चौकटीला नाक आपटलं.

घरी गेल्यावर त्याने माझ्या पाठीवर मेण घासलं. पॅडलबोर्डाच्या पाठीवर पाय न घसरण्यासाठी रबराची चटई चिकटवलेली असते, तिथे मेण लागत नाही. पण अठ्ठावीस वर्षं त्याचा हात समुद्रावर जाण्याआधी मेण घासत आला होता. तो अख्खी वडी चटईवर घासत बसला. मुलगी बघत होती. तेव्हाही ती काही बोलली नाही. त्या घरात प्रेम म्हणजे बहुतेक गप्प बसणं असावं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पाण्यात गेलो. बगळा गुडघे टेकून वल्हवत लाटांच्या पलीकडे आला. तिथे पाणी शांत होतं. त्याने वल्ह्याचा आधार घेतला आणि तो उभा राहिला.

मी बुडालो.

तळाला गेलो नाही. गेलो असतो तर निदान प्रकरण संपलं असतं. मी दीड-दोन फूट खाली जाऊन तिथे थांबलो आणि बगळा माझ्यावर गुडघाभर पाण्यात उभा राहिला. तेव्हा मला खरा आकडा कळला. मी सगळा जोर लावला. नव्वदचे एक्याण्णव होतात का पाहिलं. नाही झाले.

अठ्ठावीस वर्षांचा तोल असल्याने तो पडला नाही. त्यामुळे भलतंच झालं. किनाऱ्यावरून लोकांना असं दिसत होतं की भर समुद्रात एक गृहस्थ गुडघाभर पाण्यात, हातात काठी घेऊन शांतपणे उभे आहेत. एका पोहणाऱ्या आजोबांना वाटलं, तिथे उथळ आहे. ते दम खायला तिथे आले, उभे राहिले आणि थेट खाली गेले. जीवरक्षक शिट्टी फुंकत धावला. आजोबांना बाहेर काढून झाल्यावर तो बगळ्याकडे पोहत आला.

“काका, इथे उथळ आहे का?”

“नाही.”

“मग तुम्ही कशावर उभे आहात?”

बगळा समोर बघत म्हणाला, “अनुभवावर.”

त्या दिवसापासून आम्ही रोज गेलो. रोज मी बुडालो. बगळ्याने एकदा कारागिराला फोन केला. कारागीर चांगला माणूस होता. म्हणाला, “दादा, बदलून देतो की, त्यात काय! ढोल्या अजून इथेच आहे. फक्त खरं वजन तेवढं सांगा, म्हणजे पुन्हा चूक नको.” बगळ्याने फोन कानापासून दूर धरला, “हॅलो, हॅलो” असं दोनदा म्हटलं आणि बंद केला. रेंज गेली, असं त्याने घरी सांगितलं. घरात रेंज भरपूर होती.

बदलायचं नाही म्हटल्यावर एकच मार्ग उरला. बोर्ड वाढत नाही, म्हणून माणसाने कमी व्हायचं ठरवलं. तो रात्रीचं जेवेना. केस अगदी बारीक कापून आला. नखं काढली. पाण्यात जाताना घड्याळ काढून ठेवायला लागला, मग लग्नातली अंगठी काढून ठेवली, त्यावरून घरात दोन दिवस अबोला झाला. घरात दुरुस्तीला आलेले सात वजनकाटे होते. त्यांतल्या एकावरही तो उभा राहिला नाही. विचारलं तर म्हणायचा, “दुसऱ्यांचे आहेत.” एवढं करून किती कमी झालं, ते फक्त मला माहीत आहे. तीन किलो. तो माझ्यावर गुडघ्याऐवजी पोटरीपर्यंत पाण्यात उभा राहू लागला. एरवी याला प्रगती म्हणतात.

एकदा गाडीत, मी टपावर बांधलेला असताना, खिडकीतून मला ऐकू आलं.

“बाबा, दुकानात खरं सांगायला हवं होतं.”

“खरंच सांगितलं होतं,” बगळा म्हणाला. “फक्त जुनं होतं.”

आणि मग ती लाट आली.

मोसम संपत आला होता. सकाळचे सव्वासात. मुलगी नेहमीसारखी किनाऱ्यावर टॉवेल घेऊन उभी होती. बगळा माझ्यावर उभा, मी पाण्याखाली. मागून एक स्वच्छ, लांबलचक लाट उचलली गेली. बगळ्याने मान वळवून पाहिलं आणि वल्हं मारायला सुरुवात केली. चार, पाच, सहा. श्वास असा लागला होता की मला तो पायांतून जाणवत होता. सातव्या वल्ह्याला लाटेने मला मागून ढकललं आणि मित्रांनो, मी वर आलो.

धावत्या बोर्डाला लिटर लागत नाहीत. मला हे कुणी सांगितलंच नव्हतं. एकदा लाटेने पळवलं की नव्वद काय आणि चौऱ्याण्णव काय! बगळ्याने डावा पाय पुढे टाकला. तो अठ्ठावीस वर्षं डावाच पुढे टाकत आला होता, सर्फिंगवाल्यांचा पाय सहीसारखा असतो, तो बदलत नाही. त्याने वल्हं पाण्यात रोवलं, मी वळलो. पुन्हा वळलो. कारागिराने आठ दिवस डोळा मिटून माझ्यात जे शोधलं होतं ते मला त्या वेळी सापडलं. मी मोजत होतो. अकरा सेकंद. अकरा सेकंद तो चौऱ्याहत्तर किलोंचा होता. खोटं नाही सांगत, मी मोजला ना त्याला.

मग लाट विरली, तो कडेला पडला आणि गुडघ्यात काहीतरी कट्ट झालं.

तो लंगडत किनाऱ्यावर आला. चेहरा असा उजळला होता की ओळखू येईना. “पाहिलंस?” त्याने मुलीला विचारलं.

मुलगी त्याच अकरा सेकंदांत मागे वळली होती. वाऱ्याने टॉवेल उडाला होता आणि ती तो आणायला धावली होती.

“हो तर!” ती म्हणाली. “काय भारी होतं, बाबा!”

“कुठला पाय पुढे होता?”

त्याने गंमत म्हणूनच विचारलं असावं. पुन्हा एकदा ऐकायचं असतं ना माणसाला. जन्मापासून मुलगी त्याला लाटांवर बघत आली होती. पण त्या वेळी तिची नजर त्याच्या सुजत चाललेल्या गुडघ्यावर होती आणि तो उजवा होता.

“उजवा,” ती म्हणाली.

बगळ्याने तिच्या हातातून टॉवेल घेतला.

“बरोबर,” तो म्हणाला.

त्यानंतर तो पाण्यात गेला नाही. डॉक्टरांनी बंद केलं, हे खरं. पण डॉक्टरांनी आधीही बरंच काही बंद केलं होतं. त्याने मला खिडकीजवळ भिंतीला टेकवून ठेवलं आणि काट्यांची दुरुस्ती पुन्हा सुरू केली. जेवणही पुन्हा सुरू केलं. समुद्रावरच्या बाकावरसुद्धा तो कधी जाऊन बसला नाही.

बगळ्याची बायको घरी पडदे शिवायची. लांब पडद्याला इस्त्री करायची म्हणजे तिला तो चार वेळा सरकवावा लागे आणि प्रत्येक वेळी आधीची घडी मोडे. एके दुपारी तिने टेप घेऊन मला मोजलं. मग दोन स्टुलं आणली, माझे तिन्ही पंख काढले, मला उताणं टाकलं आणि पोटावर घोंगडी अंथरली.

“अहो,” ती आतून ओरडली, “हे बघा तरी! आठ फुटी पडदा एका दमात! इतक्या वर्षांत तुम्ही या घरात पहिल्यांदा कामाची वस्तू आणलीत.”

माझ्या आयुष्यातलं हे दुसरं कौतुक. पहिल्यापेक्षा खणखणीत होतं आणि मनापासून होतं. त्याचंच वाईट वाटतं.

बगळा दारात आला. “फोम आहे तो आत,” एवढंच म्हणाला.

“मग? घोंगडी आहे की वर.”

तो काट्यांकडे परत गेला.

घोंगडीतूनही गरमी आत येते, मित्रांनो. आधी कडांवर लागलेलं मेण वितळलं आणि स्टुलांवर गळलं. मग माझ्या पोटावर, जन्मदाखल्याच्या अगदी शेजारी, काचेचं कापड फोमपासून सुटलं आणि एक फोड आला. पुरीएवढा. फोड आलेला बोर्ड पाण्यात नेत नाहीत, त्यात पाणी शिरतं. बायको पडदे पोचवायला गेली होती तेव्हा बगळ्याने तो पाहिला. घोंगडी बाजूला केली, फोडावर अंगठा ठेवला, दाबला. तो आत गेला आणि अंगठा काढताच पुन्हा वर आला. त्याने असं तीन वेळा केलं. मग घोंगडी होती तशी नीट ओढून दिली, कोपरे जुळवले, सुरकुती काढली.

तेव्हापासून माझी नेमणूक कायम आहे.

मित्रांनो, तुम्हाला चार गोष्टी सांगाव्यात असा आमच्यात रिवाज आहे. मला दोनच सुचतात. तुम्हाला कुणी वजन विचारलं तर आजचं सांगा. आणि किनाऱ्यावर तुमच्यासाठी कुणी उभं असेल आणि त्याला काही दिसलं नसेल, तर त्याला “नाही दिसलं” म्हणू द्या. बाकी वस्तूंची काळजी घ्या, ओल्या ठेवू नका, उन्हात ठेवू नका वगैरे तुम्हाला शाळेत सांगतीलच.

आता एक काम तेवढं राहिलं आहे, ते लेखी करून टाकतो.

प्रति, माननीय समुद्र यांस. विषय: लाट परत मिळणेबाबत. महोदय, वरील विषयास अनुसरून अर्ज करतो की, गेल्या मोसमाच्या अखेरीस सकाळी सव्वासात वाजता आपल्याकडून एक लाट रवाना झाली होती. सदर लाट अर्जदारास व अर्जदारावर उभ्या असलेल्या गृहस्थांस मिळाली, याबद्दल तक्रार नाही. तथापि सदर लाटेची पाहणी होऊ शकली नाही. तरी तीच लाट, त्याच मापाची, अकरा सेकंदांची, एकदाच परत पाठवण्यात यावी, आणि ती येईल त्या वेळी वारा बंद ठेवून गृहस्थांच्या मुलीचे तोंड समुद्राकडे असेल अशी व्यवस्था करण्यात यावी, ही नम्र विनंती.